दोन तासांचे भाडे भरून मांडलेली बाग

प्रकरण अभ्यास: सॅन फ्रान्सिस्को, 2005 ते 2021

16 नोव्हेंबर 2005, बुधवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवर्ती भागात, मिशन स्ट्रीटवर, दुपारी बाराच्या सुमारास काही तरुणांनी मीटर असलेली एक पार्किंगची जागा धरली आणि मीटरमध्ये दोन तासांचे पैसे भरले. मोटार आणलीच नव्हती. डांबरावर हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडल्या, एक बाक ठेवला, सावलीसाठी कुंडीतले एक झाड उभे केले आणि ते बाजूला झाले. थोड्याच वेळात येणारे-जाणारे लोक बाकावर येऊन बसू लागले, एकमेकांना न ओळखणारी माणसे बोलू लागली. दोन वाजता मीटर संपला. हिरवळ गुंडाळली, बाक आणि झाड उचलले, जागा झाडून स्वच्छ केली आणि मंडळी निघून गेली.

एवढ्याशा घटनेतून पुढे जगभर पसरलेला ‘पार्किंग डे’, म्हणजे पार्किंगच्या जागेत एक दिवस बाग मांडण्याचा उपक्रम, निघाला, आणि त्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या पालिकेची एक कायमची परवाना-पद्धत तयार झाली. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते हिरवळीमुळे नव्हे. त्या मंडळींनी आधी भाडे भरले, हा त्यातला गाभा आहे. रस्त्याची कडेची जागा शहर तासावर भाड्याने देत असेल, तर भाडे भरणाऱ्याने तिथे काय करावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यांनी भाषण न करता विचारला.

जागा आणि तिचा हिशेब

हे काम करणाऱ्या गटाचे नाव ‘रीबार’. जॉन बेला आणि ब्लेन मर्कर हे लँडस्केप आर्किटेक्चरमधले, तर मॅथ्यू पासमोर शिक्षणाने वकील. गटात वकील असणे इथे फार कामी आले. मीटरचे पैसे भरणे म्हणजे अल्प मुदतीचा भाडेकरार करणे, अशी त्यांची मांडणी होती. नियम चाळल्यावर, पैसे भरलेल्या जागेत मोटारच उभी केली पाहिजे असे बंधन त्यांना सापडले नाही.

जागा निवडतानाही डोके चालवले होते. सार्वजनिक मोकळी जागा कमी असलेला पट्टा त्यांनी शोधला, आणि त्यातही बारा ते दोन या वेळात ऊन येणारी बाजू. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबरात लोकांना ऊन हवे असते. आपल्याकडे हा निकष उलटा लावावा लागेल.

‘आम्ही 24,000 चौरस फूट-मिनिटे इतकी सार्वजनिक मोकळी जागा वाढवली’, असा हिशेब रीबारने मांडला. साधारण 200 चौरस फुटांची जागा, 120 मिनिटे. हे एकक ऐकताना विचित्र वाटते, पण त्यात फार मोलाचा विचार आहे. आपल्या विकास आराखड्यात बागेचे आरक्षण चौरस मीटरमध्ये मोजले जाते आणि नकाशावर एकदा रंग भरला की ती जागा कागदावर वर्षानुवर्षे तशीच राहते. वेळ कोणी मोजत नाही. खरे तर आपल्याकडचा आठवडे बाजार याच हिशेबावर चालतो. एरवी रिकामे असणारे पटांगण किंवा रस्ता आठवड्यातून एक दिवस बाजार होतो आणि संध्याकाळी पुन्हा पटांगण होतो. जमिनीला वेळेचे परिमाण असते हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आपण ते फक्त पार्किंगला कधी लावून पाहिले नाही.

200 चौरस फूट म्हणजे किती, हेही नीट पाहावे. मुंबईतल्या बीडीडी चाळींमधल्या खोल्या 160 चौरस फुटांच्या. पिढ्यान् पिढ्या कुटुंबे त्यात राहिली, मुले तिथेच वाढली, लग्ने तिथून झाली. त्याहून मोठी जागा एका मोटारीला रस्त्यावर लागते, आणि मोटार दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते. मध्यवर्ती सॅन फ्रान्सिस्कोतली 70 टक्क्यांहून जास्त मोकळी जागा खासगी वाहनांसाठी राखलेली आहे, असे रीबारचे म्हणणे होते. बाग मागायला गेले की ‘जागा कुठे आहे’ हे उत्तर तिथेही मिळे, इथेही मिळते. जागा असते, ती दुसऱ्याला दिलेली असते.

मीटरचा इतिहासही इथे उपयोगाचा आहे. पहिला पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी ओक्लाहोमा सिटीत लागला. दर होता तासाला 5 सेंट. गावातल्या दुकानांसमोर नोकरदार सकाळी गाड्या लावून संध्याकाळी काढत, गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. म्हणून गाड्या हलत्या ठेवण्यासाठी मीटर आला. जागेचा वापर वाटून घ्यायचे साधन म्हणूनच त्याचा जन्म झाला. सत्तर वर्षांनी रीबारने त्या वाटपात मोटार नसलेल्या माणसाचा वाटा मागितला.

आणि हा विचार त्या शहरात अगदी पहिलाच होता असेही नाही. 1970 साली कलाकार बॉनी ओरा शर्क यांनी हॉवर्ड लेव्हाइन यांच्यासोबत सॅन फ्रान्सिस्कोत ‘पोर्टेबल पार्क्स’ मांडल्या होत्या. महामार्गाच्या काँक्रीटवर हिरवळ, ताडवर्गातली झाडे आणि जिवंत जनावरे! थोड्या दिवसांसाठी आणि रीतसर परवानगीने. पण त्या बागेचा फोटो एका रात्रीत जगभर जाण्याची सोय तेव्हा नव्हती.

फोटो पसरला, मग काय केले

2005 सालच्या बागेचा वरून घेतलेला एक फोटो इंटरनेटवर फिरला. राखाडी रस्ता, रांगेत लागलेल्या गाड्या आणि मधेच एक हिरवा आयत. ‘आमच्या शहरातही येऊन करा’ अशी निमंत्रणे रीबारला येऊ लागली. इथे त्यांनी जो निर्णय घेतला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा आहे, असे माझे मत. शहरोशहरी जाऊन तीच बाग पुन्हा मांडण्याऐवजी त्यांनी कृती लिहून काढली आणि फुकट वाटली. ज्याने त्याने आपल्या शहरात, आपल्या गरजेप्रमाणे करावे. अट एकच ठेवली: या नावाखाली धंदा किंवा जाहिरात करायची नाही. नावाची नोंदणी केली ती ही अट राखण्यासाठी.

2006 साली ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ या संस्थेच्या साथीने सप्टेंबरात पहिला ‘पार्किंग डे’ झाला. 3 देश, 13 शहरे, 47 बागा. 2011 सालापर्यंत आकडा 35 देश, 162 शहरे आणि 975 बागांवर गेला. सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार हा त्याचा दिवस ठरला.

पण मला त्या आकड्यांपेक्षा लोकांनी त्या जागेत काय काय केले ते जास्त बोलके वाटते. कोणी मोफत आरोग्य तपासणी केंद्र मांडले, कोणी भाजीपाला लावून दाखवला, कोणी फुकट सायकल दुरुस्तीचे दुकान थाटले. एके ठिकाणी चक्क लग्न लागले. प्रत्येक गावाने त्या आयतात आपल्याकडे जे नव्हते ते आणून बसवले. गवत पसरायचेच, असा आग्रह धरला असता तर हे झाले नसते.

पालिकेने घेतलेले काम

कार्यकर्त्यांची कल्पना पालिकेच्या टेबलावर गेली की ती तिथेच विरते, असा आपला अनुभव. सॅन फ्रान्सिस्कोत तसे झाले नाही. 2009 साली पालिकेने ‘पेव्हमेंट टू पार्क्स’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यातले पहिले काम कॅस्ट्रो भागातले, सतराव्या रस्त्याच्या तोंडाशी. तिथे वाहने बंद करून साध्या, स्वस्त साहित्यात चौक तयार केला. आधी तात्पुरते करा, लोक वापरतात का पाहा, मगच कायमचे ठरवा, अशी पद्धत. तात्पुरत्या कामाचा फायदा असा की विरोध करणाऱ्यालाही ‘थोडे थांबून बघू’ म्हणता येते, आणि नाही जमले तर कोणाचे नाक कापले जात नाही.

2010 साली पार्किंगच्या जागांवर ‘पार्कलेट’, म्हणजे बसायला केलेल्या छोट्या बागा, उभे राहू लागले. पहिले डिव्हिसाडेरो स्ट्रीटवर, सायकलचे दुकान आणि कॅफे एकत्र चालवणाऱ्या एका जागेसमोर. रीबारनेही बाविसाव्या रस्त्यावर सुटे भाग जोडून होणारे पार्कलेट केले. दोन तासांची बाग आता वर्षभराच्या, नूतनीकरण करता येणाऱ्या परवान्यावर आली.

असे पार्कलेट बांधतात कसे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळी हुशारी तपशिलात आहे. रस्ता कडेला उतरता असतो, तिथून पावसाचे पाणी जाळीकडे वाहते. त्यावर सपाट लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, उचलून बसवायची, ती बरोबर फुटपाथच्या उंचीला यावी लागते. मधे पायरी राहिली की म्हातारी माणसे अडखळतात आणि व्हीलचेअर अडते. तक्तपोशीखाली पाण्याची वाट मोकळी हवी, कचरा अडकला तर काढता यायला हवा. अग्निशमन दलाच्या नळासमोर पार्कलेट चालत नाही. फार चढाच्या रस्त्यावर चालत नाही. वाहने सावकाश जाणाराच रस्ता लागतो. दोन्ही टोकांना, पार्कलेटपासून थोडे अंतर सोडून, चाक अडवणारे ठोकळे आणि रात्री चमकणारे लवचीक खांब, म्हणजे पार्किंग करताना कोणी गाडी आत घालणार नाही. रस्त्याच्या बाजूला कुंड्यांचा कठडा, पण तो इतका उंच नाही की आत बसलेले दिसेनासे व्हावे. आणि खालची जलवाहिनी किंवा केबल दुरुस्त करायची वेळ आली तर सगळे सुटे करून उचलता आले पाहिजे. हिरवाई म्हणून जे दिसते ते या सगळ्यानंतरचे.

परवान्यासाठी अर्जदाराने आराखडा, बांधकाम, देखभाल आणि विमा, सगळे स्वतःच्या खर्चाने करायचे. पालिका जागा देई, पैसा देत नसे. बदल्यात पार्कलेट तेव्हा सार्वजनिक राहत असे. तिथे वेटर येऊन टेबलावर सेवा देत नसे, काही विकत न घेता कोणीही बसू शके आणि तशी पाटी लावावी लागे. काही वर्षांत शहरात पन्नासहून जास्त पार्कलेट झाले. न्यूयॉर्कपासून साओ पाउलोपर्यंत अनेक शहरांनी आपापले नियम केले.

बाग कोणाची?

इथे या प्रकरणाची अवघड बाजू सुरू होते, आणि तिच्याकडे काणाडोळा केला तर अभ्यास अपुरा राहील.

खर्च अर्जदाराचा, म्हणजे अर्ज कोण करणार? ज्याला परवडते तो आणि ज्याला त्यातून फायदा आहे तो. बहुतेक पार्कलेट कॅफे आणि खाणावळींसमोर आले. पाटीवर ‘सर्वांसाठी खुले’ लिहिलेले असते, पण समोरच्या कॅफेसारख्याच खुर्च्या आणि तसाच रंग असला की खिशात पैसे नसलेला माणूस तिथे बसायला धजत नाही. जिथे दुकानदार संघटित आहेत, वस्ती सुखवस्तू आहे, तिथे बाग येते. जिथे झाड नाही, बाक नाही, तिथे अर्ज करणाराही नसतो. 2011 साली पॉवेल स्ट्रीटवर मोठे पार्कलेट झाले, आराखडा वॉल्टर हूड यांचा आणि पैसा ऑडी या मोटार कंपनीचा. काम देखणे झाले आणि गर्दीच्या फुटपाथाला मोकळीक मिळाली, हे खरे. पण जे काम पालिकेने कराच्या पैशातून करायला हवे ते देणगीदाराच्या मर्जीवर टाकले की देणगीदाराला जिथे दिसायचे आहे तिथेच ते होते.

2020 साली करोनात हे टोकाला गेले. आत बसून खाण्यावर बंदी आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोने ‘शेअर्ड स्पेसेस’ म्हणून पार्किंगच्या जागा खाणावळींना वापरू दिल्या. शेकडो ठिकाणी लाकडी मांडव उभे राहिले. अनेकांचा रोजगार त्यामुळे टिकला, म्हणून त्याला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. 2021 साली ही व्यवस्था कायम करताना शहराने एक काम नीट केले: सार्वजनिक पार्कलेट आणि व्यावसायिक पार्कलेट असे प्रकारच वेगळे केले. गिऱ्हाइकांसाठी जागा हवी असेल तर तसे सांगा, तसा परवाना घ्या, तसे शुल्क भरा. सुरुवातीपासून ही रेघ इतकी ठळक असती तर बरे झाले असते.

दोन तासांच्या बागेत हा प्रश्नच नव्हता. तिथे कोणी काही विकत नव्हते. रीबारने ‘धंदा नको’ ही अट पहिल्यापासून का धरली, ते दहा-पंधरा वर्षांनी असे कळते.

आपल्या रस्त्यावर

रीबारची युक्ती पुण्यात किंवा ठाण्यात जशीच्या तशी चालणार नाही. कारण साधे आहे: आपल्याकडे रस्त्याकडेचे बहुतेक पार्किंग फुकट आहे. भाडेच नाही तर भाडेकरू कसे होणार? जिथे ‘पे अँड पार्क’ आहे तिथे ठेकेदाराचा माणूस पावती फाडतो आणि तीवर गाडीचा नंबर लिहितो. पावती गाडीच्या नावाची. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला पैसे मोजूनही ती जागा मिळायची सोय नाही. पुणे महापालिकेने 2018 साली पार्किंगचे धोरण मंजूर केले, सशुल्क पार्किंगची सुरुवात मोजक्या रस्त्यांवर करायची ठरली, आणि विरोध इतका झाला की ते रखडले. जी वस्तू फुकट मिळते तिची किंमत विचारली की माणसे चिडतात, याची ती साक्ष. पुण्यात पी-1, पी-2 ची पाटी बघून रस्त्याची कोणती बाजू आज चालू हे शोधणाऱ्या दुचाकीस्वाराला मी दोष देणार नाही. बस वेळेवर येत नाही तोवर त्याला दुसरा मार्ग नाही.

तरीही आपल्याकडे एक गोष्ट तयार आहे, जी सॅन फ्रान्सिस्कोला शून्यातून उभी करावी लागली: रस्त्याचा तुकडा थोड्या दिवसांसाठी लोकांच्या कामाला देण्याची यंत्रणा. गणेशोत्सवाचा मंडप. महापालिका, स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, सगळ्यांच्या परवानग्या मंडळे दरवर्षी काढतात. मंडपाची लांबी-रुंदी ठरते, रुग्णवाहिकेला वाट सोडावी लागते, मुंबईत रस्ता खोदला तर खड्ड्यामागे दंड बसतो. विसर्जनानंतर ठरलेल्या मुदतीत जागा मोकळी करून द्यायची. हे सगळे वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाला पाठ असते. पार्किंगच्या दोन जागांवर चार महिने बाक आणि सावली मांडण्यासाठी यापेक्षा वेगळे काय लागते? फक्त अर्जाचा नमुना हवा.

रस्त्याचा वापर बदलून पाहण्याचे प्रयोगही झालेले आहेत. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला. माटुंग्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच्या उड्डाणपुलाखाली गाड्या लागत, कचरा साठे. रहिवाशांनी सातत्याने पाठपुरावा केला आणि 2016 साली तिथे नानालाल डी. मेहता उद्यान झाले. त्यातली चालण्याची वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळत जाते, आणि सकाळ-संध्याकाळ लोक तिथे फिरतात. पुलाखालची जागा हा प्रकार वेगळा, पण ‘इथे गाड्याच लागणार’ हे गृहीत मोडता येते हे त्यातून दिसले.

सावधगिरी दोन ठिकाणी हवी. पहिली फेरीवाल्यांबाबत. आपल्या रस्त्याची कड फक्त गाड्यांची नाही. तिथे भाजीवाली बसते, चांभार बसतो, वडापावची गाडी लागते. 2014 सालच्या कायद्याने त्यांना हक्क दिले आहेत. ‘सुशोभीकरण’ म्हटले की पहिला दंडुका त्यांच्यावर पडतो, हे आपण वारंवार पाहिले आहे. म्हणून मोकळी करायची ती गाडीची जागा, भाजीवालीची नव्हे, आणि तिच्यासाठीही त्या सावलीत टोपली ठेवायला जागा आखलेली असावी.

दुसरी हिरवळीबाबत. एप्रिलमध्ये टँकरने पाणी येणाऱ्या शहरात रस्त्यावर लॉन अंथरणे मला पटत नाही. पत्र्याच्या मोठ्या पिंपांत कडुनिंब, सोनचाफा, कढीपत्ता लावावा, वर हिरवी शेडनेट किंवा वेल चढवलेला बांबूचा मांडव असावा. उन्हाळ्यात माणसाला पायाखाली गवत नसले तरी चालते, डोक्यावर सावली लागते.

आणि सुरुवात कॅफेसमोर करू नये. परळच्या रुग्णालयांभोवती गावाकडून आलेले नातेवाईक फुटपाथवर बसलेले असतात, तपासणीचा नंबर लागेपर्यंत, शस्त्रक्रिया होईपर्यंत, कधी कित्येक दिवस. कडेला गाड्यांची रांग, मधे ही माणसे, पाठीशी भिंत. तिथल्या गाड्यांच्या दोन जागा घेतल्या तरी बरेच काही मांडता येते. पाठ टेकता येईल असे बाक, मांडव, पिण्याच्या पाण्याची टाकी, मोबाइल चार्ज करायला एक बोर्ड. खर्च महापालिकेचा, कारण इथे कोणी दुकानदार अर्ज करायला येणार नाही. घर भाड्याने देताना करतो तसा अकरा महिन्यांचा करार एखाद्या स्थानिक संस्थेशी करावा, पाणी घालण्याचे आणि झाडलोटीचे काम तिच्याकडे. रुग्णवाहिकेची वाट पोलिसांनी आधी आखून द्यावी. पावसाळ्याआधी तक्तपोशीखालची जाळी कोणी साफ करायची, हे मात्र कराराच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.